मठाचा कागद

"अप्पा, हे कुणी वाचलं का कधी?"

शिवमूर्तीने देवघरातला घडी घातलेला कागद हातात घेतला होता. धोंडप्पा चटकन पुढे झाला. सात वर्षांत त्या कागदाला आंघोळीवाचून कुणी बोट लावलं नव्हतं. पण शिवमूर्ती पाहुणा होता. पेडगावच्या स्टेशनावर महिन्यापूर्वीच बदलून आलेला तारबाबू, गुलबर्ग्याकडचा, आपल्याच लिंगायत समाजाचा. सोमवार म्हणून धोंडप्पाच्या बायकोने, नीलम्माने, त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि जेवणाआधीच्या लिंगपूजेसाठी भस्म शोधताना कागद त्याच्या हाती लागला होता. पाहुण्याला दुखवायचं कसं, म्हणून धोंडप्पा बेतानेच म्हणाला, की तो मठाचा प्रसाद आहे, त्यात वाचायचं काय.

"परसाद कुठला, अप्पा. पत्र हाय हे. कन्नडात लिहिलंय, तुमच्याच नावचं."

चुलीपाशी नीलम्माचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

धोंडप्पाचं गावात किराणा दुकान. माणूस सरळ, देवभोळा, पण भारी चौकशीखोर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. झरीच्या बाजाराला जायचं तर आदल्या दिवशी चौघांना विचारणार, ओढ्याला पाणी किती, वाटेत चिखल किती, परतताना कुणाची बैलगाडी मिळेल. लोक पाठीमागे हसायचे, आणि स्वतः कुठे निघाले की त्यालाच विचारायला यायचे.

नीलम्माने या माणसाकडे उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितली. मूलबाळ झालं नाही, त्याचं रडगाणं तिने कुणापुढे गायलं नाही. लुगडं मागितलं नाही, डागिना मागितला नाही. दुकानात नारळाचं पोतं आलं की एकेक नारळ कानाशी हलवून पारखायचं काम तिच्याकडे असे. एकदा अशीच पोत्यापाशी बसली असताना ती म्हणाली, "ह्ये ज्या पाण्याकाठी वाडतंय, ते पाणी मला एकडाव दावा." गोकर्णाला महादेव आहे आणि त्याच्या पायाशी समुद्र आहे, एवढं तिने पुराणात ऐकलं होतं.

धोंडप्पा नाही म्हणाला नाही. तो चौकशीला लागला. मालगाडीच्या गार्डाने सांगितलं, हुबळीला उतरा, पुढे मोटार मिळते. परभणीचा नारळाचा व्यापारी म्हणाला, हुबळीला मुळीच उतरू नका, तिथे परक्या माणसाला नागवतात. फौजेत चार वर्षं काढून आलेल्या मुंजाजीने तर छातीठोकपणे सांगितलं, की समुद्र दिवसातून दोनदा घरात शिरतो, तेव्हा बिऱ्हाड माडीवरच करा. धोंडप्पाने हे सगळं एका वहीत उतरवून घेतलं. वही भरत चालली तशी त्याची भीती वाढत चालली.

तिकडे प्यायला गोडं पाणी मिळेल का, ही एक चिंता. आणि सगळ्यांत मोठी चिंता गळ्यातल्या लिंगाची. समुद्रात उतरल्यावर लाटेने दोरा तोडून लिंग नेलं तर करायचं काय? लिंग गेलं की पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही घराण्याची रीत. काढून काठावर ठेवावं, तर लिंग अंगावेगळं करणं त्याहून वाईट. हे काही गार्डाला विचारता येण्यासारखं नव्हतं. शेवटी त्याने व्यंकटराव पटवाऱ्याकडून एक लांबलचक पत्र लिहून घेतलं आणि गोकर्णाजवळच्या एका मठाला धाडलं.

तीन महिन्यांनी पाकीट आलं. फोडल्याबरोबर त्यातून भस्म सांडलं. धोंडप्पाची आई चन्नबसम्मा तेव्हा हयात होती. "मठाचा परसाद हाय, बोटं लावू नगा," म्हणत तिने कागद भस्मासकट घडी करून देवघरात ठेवला. गल्लीतली सगळी माणसं येऊन भस्म लावून गेली. अक्षरं कन्नड होती, गावात कुणाला लागत नव्हती, म्हणजे शरणांची वचनंच असणार, असं सगळे धरून चालले. दर वर्षी येणाऱ्या जंगमस्वामींनीही कागद कपाळाला लावला आणि परत ठेवला. त्यांना वचनं शेकड्याने पाठ होती, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. धोंडप्पाला वाटलं, आधी आशीर्वाद आला, उत्तर मागून येईल. तो उत्तराची वाट बघू लागला, आणि नीलम्मा रोज सकाळी त्या कागदावर फूल वाहू लागली. माणसं किती भोळी असावीत याला काही सुमार असतो, पण यांच्यापाशी तो नव्हता.

आता शिवमूर्ती उंबऱ्यापाशी उजेडात बसला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागला. मठाने धोंडप्पाच्या एकूण एक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. हुबळीलाच उतरावं. समुद्र घरात शिरत नाही. मठाच्या विहिरीचं पाणी गोडं आहे. लिंग वस्त्रात घट्ट बांधून गळ्यातच असू द्यावं आणि गुडघाभर पाण्यात बसून न्हावं. मठातल्या बाया रोज तशाच न्हातात, आजवर कुणाचं लिंग गेलेलं नाही.

"आन् हे बगा," शिवमूर्ती म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "जागेची काळजी करू नका म्हंतेत. पच्छिमेकडची खोली तुमच्या नावानं राखून ठेवलीया. खिडकीतून पानी दिसतंय. चैती पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीला आमचा मानूस, इरय्या नावाचा, हुबळीच्या फाटकापाशी नारळ वर धरून हुबा राहील. नारळ बगून वळखा."

"कंच्या सालची पुनव?" धोंडप्पाने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"त्याच सालची, अप्पा. सात वर्सं झाली."

धोंडप्पा भिंतीला टेकून खाली बसला. जिथे तिथे विचारत फिरलेला हा माणूस. उत्तर त्याच्याच घरात, त्याच्याच देवापुढे पडून होतं, आणि त्यावर फुलं वाहिली जात होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. आता जायचं म्हटलं तरी जाणार कसं? निजामाचा मुलूख चहूबाजूंनी आवळल्यासारखा झाला होता. सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या गाड्या बंद पडल्या होत्या, आणि रझाकारांच्या धाकाने माणसं जिल्ह्यातल्या पालमला जायचं तरी दोनदा विचार करत होती. आणि गेले असतेच, तरी दाखवायचं कुणाला? दोन वर्षांपासून नीलम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड कुठल्या अंगाला आहे, एवढंच तिला कळायचं.

भिंतीला हात लावत नीलम्मा दारात आली. हाताचं पीठ तसंच होतं. धोंडप्पाला वाटलं, आज ती बोलेल. चाळीस वर्षांचं साठलेलं सगळं बोलेल, आणि तिने बोलावंच.

"त्यो मानूस," ती म्हणाली, "इरय्या. त्यो हुबा ऱ्हायला असंल का हो?"

"एक गाडी बगून गेला असंल."

"तुमच्यावानी असंल तर दुसरी बी बगितली असंल."

धोंडप्पाने शिवमूर्तीला विनवलं, की निदान माफीच्या चार ओळी मठाला लिहून दे.  लिहायला हरकत नव्हती, पण त्या बाजूचं टपाल कधी पोचेल, पोचेल की नाही, हे त्यालाही सांगता येईना. तार तर लागतच नव्हती. त्या दिवशी ताटं वाढली गेली, पण तिघांनीही भाकरी नुसती चिवडली.

दिवस कलला तसा धोंडप्पा दुकानात गेला, पोत्यातून एक नारळ काढला आणि नीलम्माला म्हणाला, चल. कुठे, ते तिने विचारलं नाही. तिचा हात धरून तो तिला स्टेशनावर घेऊन गेला. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. रुळांच्या मधून हातभर गवत वाढलं होतं. तिला बाकावर बसवून तो फाटकापाशी गेला आणि नारळ वर धरून उभा राहिला.

शिवमूर्ती आपल्या खोलीतून बाहेर आला. आज गाडी नाही, असं त्याने सांगितलं. धोंडप्पा म्हणाला, ठावं हाय. शिवमूर्ती आत निघून गेला.

"काय करायलाव?" बाकावरून नीलम्माने विचारलं.

"हुबा हाय."

"कशापायी?"

"किती येळ हुबं ऱ्हावं लागतं, त्ये बगायलोय."

 धोंडप्पाचा हात दुखू लागला, तरी त्याने तो खाली घेतला नाही. ऊन फलाटावरून उतरून रुळांवर गेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलं नाही. बघायला तिथे कोण होतं?

बऱ्याच वेळाने नीलम्मा उठली. बाकाची पाठ, मग तारेचं कुंपण, असं चाचपत ती फाटकापर्यंत आली. त्याच्या खांद्यावरून हात वर नेत तिने नारळ शोधून काढला.

"आलो बगा आमी," ती म्हणाली. "लय येळ झाला."

तिने नारळ त्याच्या हातातून घेतला आणि सवयीने कानाशी नेऊन हलवला. धोंडप्पाचा रिकामा हात अजून वरच होता.