नमुना भाषण

पौलस गावितांच्या शोकसभेला शहाद्यातले झाडून सगळे मास्तर आले होते. सुसानाला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या बाबांनी लिहिलेल्या गाईडांशिवाय यांतल्या कुणाचा तास कधी पार पडला नव्हता. ती बाबांनी लिहिली, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. मुखपृष्ठावर नाव असायचं प्रा. इंद्रसिंग गिरासे यांचं. या प्राध्यापकांनी सही सोडून स्वतःच्या हातानं काही लिहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, आणि सहीसुद्धा दर वेळी वेगळी यायची.

गाईडांचे प्रकाशक पितांबरशेठ तिच्या शेजारच्या खुर्चीत टेकले.

"पुणामा काय ठेयेल शे, बेटा? तठे तू दुसरास्ना पुस्तकं सुधारस. आठे बापनी खुर्ची रिकामी शे. नवा अभ्यासक्रम उना, गाईड लिखाले कोणी नही."

पुण्यात ती एका प्रकाशन संस्थेत संपादक होती. यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारी, कशातच यश न आलेल्या माणसांची पुस्तकं हल्ली तिच्या टेबलावर येत. ती नोकरी सोडायला तिला काही वाटलं नसतं.

"सोमवारपासून येते काका. पण नव्या गाईडावर बाबांचं नाव हवं."

"नाव तं सरनंच चालस. मास्तर लोके प्राध्यापक देखीसन पुस्तक लेतस. तुन्हा बापनी कधी मांगं नही."

"मी मागतेय."

"सभा व्हऊ दे. मंग पाहू."

प्राध्यापक उठले. खिशातून झेरॉक्सचा कागद काढून, घसा साफ करून वाचू लागले. "आज आपल्यातून एक सावली उठून गेली. शाळेच्या आवारात त्यांनी लावलेली झाडं आज मुकी झाली आहेत..."

सुसाना ताठ झाली. बाबा कुठल्याच शाळेत नव्हते. छापखान्यामागच्या दोन खोल्यांत कढीपत्त्याच्या एका कुंडीपलीकडे त्यांनी काही लावलं नव्हतं. ती नववीत असताना हेच भाषण त्यांनी स्वयंपाकघरात तिला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. "सांग, कोण वारलंय?" "मुख्याध्यापक," ती म्हणाली होती, आणि बाबा केवढे खूश झाले होते! मग ते दहावीच्या गाईडात गेलं: शोकसभेतील भाषण, नमुना.

तिनं मागे वळून पाहिलं. प्राध्यापकांबरोबर मास्तरांचेही ओठ हलत होते. एक बाई तर वाक्य येण्याआधीच मान डोलवत होत्या. कुणी हे परीक्षेसाठी घोकलं होतं, कुणी वर्गाकडून घोकून घेतलं होतं.

पितांबरशेठ अभिमानानं तिच्या कानाशी लागले. "पाह्य, सगळासले पाठ शे! मीच झेरॉक्स काढी दिधी सरले. तुन्हा बापपेक्षा चांगलं कोण लिखी?"

"कुणीच नाही," सुसाना म्हणाली.

आभार मानायला ती मंचावर माईकपाशी गेली.

"आत्ताचं भाषण तुम्हाला सगळ्यांना आवडलं, हे मला दिसलं. त्याचे लेखक तुमच्यासमोरच आहेत."

प्राध्यापक गिरासे हात जोडून, संकोचानं अर्धे उठले.

"तुम्ही बसा, सर," ती म्हणाली. वळून तिनं टेबलावरच्या फोटोचा हार थोडा वर सरकवला. हारानं झाकलेला बाबांचा चेहरा नीट दिसू लागला. "पौलस गावित. गेल्या कित्येक वर्षांची सगळी गाईडं यांची."

कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. सुसाना खाली उतरली. पितांबरशेठनी शेजारच्या खुर्चीवरची तिची पर्स उचलून, दाराकडे पाहत पुढे केली. सोमवारी येशील का, हे त्यांना आता विचारायचं राहिलं नव्हतं.