हातांशिवाय मिस हॅलम

बाथ शहरात अँब्रोज टिडवेल हा चित्रकार झटपट कामाबद्दल प्रसिद्ध होता. चेहरा तो स्वतः रंगवी, चित्रातले कपडे लंडनच्या, फक्त कपडेच रंगवणाऱ्या चित्रकाराकडून रंगवून आणी, आणि गिऱ्हाईक म्हातारं व्हायच्या आत चित्र घरपोच करी. मिस लेटिस हॅलमचं चित्र तेवढं ऑक्टोबरपासून रखडलं होतं. चेहरा केव्हाच झाला होता. राहिले होते हात. ती चित्रासाठी बसून गेली की टिडवेल रंगवलेले हात टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून टाकी. हात झाले की ती यायची थांबणार. त्याआधी तिला लग्नाचं विचारायचं, असं त्यानं ठरवलं होतं. ठरवण्यात तो पटाईत होता.

"माझे हात इतके अवघड आहेत?" तिनं एकदा विचारलं.

"बोटं जरा हट्टी आहेत."

"हट्टी बोटं नाहीत हो, चित्रकार आहे!" म्हणून ती हसली. तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यानं कुंचला धुतला.

मार्चमध्ये तिच्याबरोबर कॅप्टन रस्टन आला. वडिलांनी ठरवलेला नवरा. चित्रकाराच्या खोलीत रिवाजाप्रमाणे रिकामटेकडी मंडळी होतीच: एक विधवा, एक पाद्री. कॅप्टन चित्रापुढे थबकला.

"वा! हात मुद्दाम सोडलेत! बघणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचे, काय?"

"केवढं धाडस!" विधवा म्हणाली. पाद्र्यानं चष्मा लावून हातांच्या जागचा कोरा कॅनव्हास बराच वेळ न्याहाळला, आणि त्याला त्यात पुष्कळ काही दिसलं.

टिडवेलचं असं कौतुक जन्मात झालं नव्हतं. त्यानं मान लववली. "पुरं काय, कुणीही करतं."

"मुद्दाम?" लेटिसनं हळू आवाजात विचारलं. "मग मी हिवाळाभर येत कशाला होते?"

खरं कारण सांगितलं तर आताच मिळालेलं कौतुक परत करावं लागणार होतं.

"हिवाळ्यात उजेड फार कमी असतो," तो म्हणाला.

"असेल," ती म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली.

कॅप्टनला चित्र तसंच हवं होतं, आणि आजच. ते गाडीपर्यंत टिडवेलनंच उचलून नेलं.

"आणखी एकदा येऊ का बसायला?" पायरीवर पाय ठेवून लेटिसनं विचारलं. त्याच्याकडे बघत.

"छे, छे! चित्र बिघडवतील ते!" कॅप्टन आतून ओरडला.

टिडवेलनं तोंड उघडलं. मग वळून गाडीवानाला म्हणाला, "उतारावर जरा सावकाश हाक."