हाक मागे पोचवा

मित्रांनो, बॉइसी गावात नदीवर कधी आलात, तर काठावरच्या पत्र्याच्या छपरीकडे जरा मान वर करून बघा. तिच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं जे काळं, चिरा पडलेलं, बैलगाडीच्या चाकाएवढं कडं दिसेल, ते म्हणजे मी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली रबराची ट्यूब. माझ्या खाली पाटी लावली आहे, 'अस्सल जुनं बॉइसी'. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात, दात दाखवतात आणि निघून जातात. माझी हकीकत मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथली मला फक्त वाफ आणि गंधकाचा वास आठवतो. तिथून मी आले ती थेट ऑर्व्हल नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये. गावाच्या पश्चिमेला त्याचे कांदे आणि साखरेचं बीट असायचं. चाकातल्या ट्यूबचं जिणं म्हणजे सासरी राबणाऱ्या धाकट्या सुनेचं. सगळा भार तिच्यावर आणि दिसत कुणालाच नाही. पुष्कळ वर्षं मी अंधारात राबले. मग झडपेपाशी हवा गळायला लागली, ठिगळावर ठिगळ चढलं आणि ऑर्व्हलनं एक दिवस मला गोठ्यामागे फेकून दिलं. मला वाटलं, संपलं आपलं.

पण ऑर्व्हलला नोरीन नावाची मुलगी होती. भुवया जोडलेली, हसली की गाव ऐकेल अशी. गवत कापायला यायचा त्या ग्लेन नावाच्या तरुणावर तिचा डोळा होता आणि त्याचा तिच्यावर. दोघांना घरातून बाहेर पडायला निमित्त हवं होतं. ते निमित्त मी झाले. ग्लेननं मला नवं ठिगळ लावलं, फुगवलं, डोक्यावर घेतलं आणि नदीवर नेलं.

मित्रांनो, जन्मभर चाकात कोंडलेल्या जिवाला एकदम आभाळ दिसलं. खाली डोंगरातल्या बर्फाचं पाणी, वर रणरणतं ऊन, दोन्ही काठांना उंच झाडं आणि त्यांच्या बियांचा उडणारा कापूस. पुढे ग्लेन त्याच्या ट्यूबवर आणि मागे माझ्यावर नोरीन. पाय बाहेर, बूड पाण्यात. एका वळणावर तळाचे गोटे वर आले तसा ग्लेन मागे न बघता ओरडला, "पाणी उथळ आहे, बूड उचला."

नोरीननं अंग उचललं. मी गोट्यांवरून अलगद घसरत गेले. मग तिनं मान वळवून मागून येणाऱ्या अनोळखी लोकांना तीच हाक दिली. त्यांनी त्यांच्या मागच्यांना दिली. आमच्या नदीची ही रीतच आहे. पुढच्यानं उथळ बघितलं की ओरडायचं आणि ऐकणाऱ्यानं मागे पोचवायचं. हाक मधेच तोडायची नाही.

नोरीन आणि ग्लेनचं लग्न झालं. नदीजवळ चाकांवरच्या घरांची एक वस्ती होती. घर आपलं, जमीन दुसऱ्याची, तिचं भाडं द्यायचं. तिथं त्यांनी संसार मांडला. मला घरामागच्या सावलीतल्या खोपटात जागा मिळाली. दर हिवाळ्याच्या तोंडाला नोरीन मला पुसायची आणि तान्ह्या बाळाला लावावी तशी अंगभर पावडर लावायची, म्हणजे रबर चिकटत नाही, सुकत नाही. ती एवढा लाड करायची की ग्लेन म्हणायचा, "माझ्या पाठीला कधी लावलीस का गं पावडर?" त्यावर ती म्हणायची, "तू पाण्यावर तरंगून दाखव, मग लावते."

घरी पाहुणा आला की आधी नदी, हा नोरीनचा कायदा होता. पाहुण्याला विधानभवनाचा घुमट बघायचा असे, टेकडीवर चढायचं असे. ती म्हणायची, "घुमट काही पळून जात नाही. आधी पाण्यातून गाव बघा. रस्त्यावरून बघाल तर रस्तेच दिसतील. मग भूक लागेल, मग बोटाएवढे तळलेले मांसाचे तुकडे गुलाबी चटणीत बुडवून खायचे, आणि त्यानंतरही अंगात काही उरलं तर खुशाल चढा टेकडी."

तिचे नियमही ठरलेले होते. पायात जुने बूट घालायचे आणि नाडी दोनदा बांधायची. ट्यूब एकमेकींना दोरीनं बांधायच्या नाहीत, कारण वाटेत पडलेलं झाड असलं तर एकीपायी सगळ्या अडकतात. आणि काठावर ट्यूब जमिनीला टेकवायची नाही, डोक्यावरच न्यायची, कारण आमच्याकडे पावलोपावली सराट्याचे काटे. ग्लेनचे लष्करातले मित्र, चर्चमध्ये आलेले परगावचे लोक, लेक शॉनाच्या मैत्रिणी, सगळ्यांना तिनं माझ्यावर बसवलं. सगळ्यांपुढे ग्लेन असायचा, उथळ बघायला.

मग ग्लेन गेला. हृदय बंद पडलं, दुपारी जेवता जेवता. त्या उन्हाळ्यात नोरीन एकटीच मला घेऊन नदीवर आली. त्या वळणावर पुढून हाक आलीच नाही. मी गोट्यांवर खरवडले गेले, तीही खरवडली गेली. आधी ती खो खो हसली. मग तशीच पाण्यात बसून रडली. मी तिच्या खाली होते, मला तिचे हुंदके कळत होते. माझ्या अंगावर उजवीकडे जे मोठं ठिगळ आहे ते त्या दिवसाचं.

इकडे गाव चहूकडे पसरत सुटलं होतं. ऑर्व्हलच्या शेतावर घरं उभी राहिली आणि त्या वसाहतीला नाव दिलं 'जुना मळा'. नोरीन म्हणाली, "मळा मारला आणि नाव ठेवलं." परराज्यातल्या नंबरपट्ट्यांच्या गाड्या वाढल्या. कॅलिफोर्नियावाले आले, भाव चढवले, म्हणून वस्तीतले लोक बोटं मोडायचे. नोरीनही मोडायची. पण कुणी समोर आलं की तिला राहवायचं नाही.

केल्सी तशीच समोर आली. वस्तीच्या कुंपणापलीकडे नवी उंच इमारत झाली होती, तिथं ती नवऱ्याबरोबर राहायला आली होती. एका दुपारी ती दुकानातली गुलाबी प्लास्टिकची होडी गवतातून फरफटत नदीकडे निघाली. होडीतून हवा फुसफुसत होती आणि तिला पत्ता नव्हता.

नोरीन कुंपणावरून म्हणाली, "पोरी, होडी नेतेयस की मेलेलं डुक्कर?"

केल्सीनं वळून बघितलं. होडी पार चपटी झाली होती. "अहो, आत्ताच तर फुगवली होती."

"आणि सराट्यांतून ओढलीस. कुठली गं तू, कॅलिफोर्नियाची?"

"हो. कसं ओळखलंत?"

"आमची कुत्रीसुद्धा त्या गवतातून जात नाहीत. ये इकडे. जुने बूट आहेत का?"

त्या दिवशी केल्सी माझ्यावर बसली. पहिल्या उथळाला नोरीन पुढून ओरडली आणि केल्सीनं तोंडावर हात धरला. "असलं मी अनोळखी लोकांना कसं ओरडून सांगू?"

"लाज वाटत असेल तर घास बूड," नोरीन म्हणाली.

केल्सी ओरडली. मग तिला इतकं हसू आलं की ती पाण्यातच पडायची. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. तीन उन्हाळे केल्सीचा प्रत्येक पाहुणा आमच्याबरोबर नदीत उतरला.

आणि मग वस्तीची जमीन विकली गेली. तिथंही उंच इमारत होणार होती. घर नोरीनचं होतं, पण त्याची चाकं कधीच गंजून गेली होती. ते हलवलं असतं तर वाटेतच मोडलं असतं. दुसऱ्या वस्त्या इतकं जुनं घर घेईनात. गावातल्या खोल्यांची भाडी ऐकून ती फोन खाली ठेवायची. तिचं मागणं केवढंसं होतं? नदीपर्यंत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक खोली. सगळं आयुष्य या गावात काढलेल्या बाईला ती मिळाली नाही.

शॉना दोन तासांवर, ट्विन फॉल्सला राहायची. ती म्हणाली, "आई, आता हट्ट सोड. माझ्याकडे चल."

केल्सीनं स्वतःच्या घरी राहायचा आग्रह केला. नोरीन म्हणाली, "पोरी, पाहुणी होऊन महिनाभर राहीन. मग तुझा नवरा घरात दबकत चालेल आणि मीही."

जायच्या आदल्या दिवशी नोरीननं मला खोपटातून काढलं, पुसलं, पावडर लावली आणि केल्सीच्या हातात दिलं. "शॉनाच्या दारात पाणी नाही. हिला तिथं नेऊन काय करू? तू ने पाहुण्यांना. सावलीत ठेव आणि हवा धरतेय तोवर पाण्यात ने. रबराला ऊन आणि रिकामपण दोन्ही खातं." केल्सी रडत रडत मान हलवत होती. रडताना माणसाला सगळं ऐकू येतं असं नाही.

केल्सी वाईट नव्हती, मित्रांनो. पहिले दोन उन्हाळे तिनं मला नदीत नेलं. मग पाहुण्यांचे पाहुणे यायला लागले आणि तिनं व्यवसायच सुरू केला. काठावर ही छपरी बांधली, निळ्या होड्या आणल्या, वर लिहिलं, 'गाव बघा गावकऱ्याच्या नजरेनं'. आणि आपल्या धंद्याची लक्ष्मी म्हणून मोठ्या मायेनं मला भिंतीवर टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून, भर पश्चिमेच्या उन्हात. रोज कौतुक व्हायचं आणि रोज ऊन लागायचं. नदी समोर होती, पाण्याचा आवाज येत होता आणि माझं अंग तडकत होतं. मला खोपट आठवायचं. तिथं कौतुक नव्हतं, पण पावडर होती.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी पाहुण्यांच्या घोळक्यामागे एक म्हातारी काठी टेकत आली. सोबत लेक होती. लेकीनं आईच्या वाढदिवसाला ही सहल ठरवली होती, कुणाची आहे हे न बघता. म्हातारी थेट माझ्याखाली येऊन उभी राहिली. जोडलेल्या भुवया आता पांढऱ्या झाल्या होत्या.

केल्सी होड्यांकडे तोंड करून पाहुण्यांना सांगत होती, "आमच्याकडे एक म्हण आहे, रस्त्यावरून बघाल तर रस्तेच दिसतील."

नोरीनच्या शेजारच्या गृहस्थानं सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या, आजी?"

नोरीननं काठी दुसऱ्या हातात घेतली. "ट्विन फॉल्सची."

"बॉइसीला पहिल्यांदाच?"

"असंच समजा," ती म्हणाली.

केल्सीचं पुढं चालू होतं. "होडी जमिनीवरून ओढायची नाही. एकमेकांना दोरीनं बांधायचं नाही. आणि पाणी उथळ आलं की..." ती बोलता बोलता वळली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. पाहुणे वाट बघत होते. कुणीतरी विचारलं, "उथळ आलं की काय?"

"सांग ना त्यांना," नोरीन म्हणाली. "लाज वाटते का अजून?"

केल्सी धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "म्हण आमची नाही, यांची आहे. सगळं यांनीच शिकवलंय मला. खऱ्या गावकरी या आहेत."

"होते," नोरीन म्हणाली. मग तिनं हात वर करून मला हात लावला. तिचं नख माझ्या चिरेत रुतलं. इतक्या वर्षांनी तोच हात, आणि मला तिच्याकडे झुकताही येईना.

"सावलीत ठेव म्हटलं होतं ना गं," ती हळूच म्हणाली.

"लोकांना दिसावी म्हणून..."

"दिसते की. छान दिसते." नोरीननं माझ्या मोठ्या ठिगळावरून बोट फिरवलं. "हवा भरता येईल का हिच्यात? एकदाच?"

केल्सीनं मान खाली घातली. "मागच्या वर्षी भरून बघितली. धरत नाही. आता भरली तर फाटेल."

नोरीननं हात खाली घेतला. केल्सी आणि शॉनानं तिला तरंगण्याचं जाकीट घातलं, दोघींनी धरून सगळ्यात पुढच्या निळ्या होडीत बसवलं आणि होडी पाण्यात ढकलली. मी भिंतीवरून बघत राहिले. माझं माणूस परक्या होडीत बसून, पाहुणं होऊन, आपल्याच नदीतून निघालं होतं. मला ट्रॅक्टरखाली कधी रडू आलं नव्हतं, त्या दिवशी आलं असतं.

वळणाआड ती दिसेनाशी झाली आणि तेवढ्यात हाक आली. म्हातारी, चिरकी, पण तीच. "पाणी उथळ आहे, बूड उचला." मागच्या होडीनं ती उचलली, तिच्या मागचीनं उचलली. शॉनानं उचलली. सगळ्यात मागे केल्सी होती, अजून काठाजवळच. तिच्या मागे नदीत कुणीच नव्हतं. तरी तिनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि हाक मला दिली.

नोरीन पुन्हा आली नाही. या वसंतात शॉनाचा फोन आला, आई गेली म्हणून. केल्सी माझ्याखाली भिंतीला टेकून बसली. उठली ती शिडी घेऊनच आली आणि तिनं माझ्या डोक्यावर छपरासारखी एक ताडपत्री बांधली. आता मला सावली आहे. हवा मात्र नाही.

मित्रांनो, हाक मधेच तोडायची नाही असा आमचा नियम. माझ्या मागे नदी नाही, तुम्ही आहात. म्हणून तुम्हालाच देते. ज्यांनी तुम्हाला गाव दाखवलं त्यांची पाटी मागाहून लावा, आधी त्यांना गावात एक खोली द्या. आणि तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याला टांगू नका. हवा धरतंय तोवर पाण्यात न्या.

एवढं मागे पोचवा.