काळी दोन

मला सुरातलं काही कळत नाही. तीस वर्षं पेटीवाल्याच्या घरात काढली, तरी आरतीत माझा आवाज कुठे भरकटतो ते देवालाच ठाऊक. पण पुढे माझ्या हातून जे झालं ते अडाणीपणाने झालं असं कुणी म्हणू नये. मी समजून-उमजून केलं.

आमच्या ह्यांचं नाव गोकुळदास. पेडण्याकडच्या आमच्या गावात भजनाला पेटी ह्यांचीच. गुरुदासबुवा कधी पेटीवरून सूर घेत नसत. ते मोकळ्या गळ्याने ओळ उचलायचे आणि हे त्याच क्षणी नेमक्या पट्टीवर बोट ठेवायचे. बहुतेकदा काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी. बुवांचा गळा बसलेला असला तर तिच्या खालची पांढरी. आजवर बोट चुकलं नव्हतं. श्रावणातल्या सप्ताहात शेजारगावचे लोक तेवढं बघायला यायचे.

मग ह्यांचा उजवा गाल दुखायला लागला. दुखायला म्हणजे काय, गालाला वारा लागला तरी ओरडून खाली बसायचे. दाढी बंद. पोदेराकडचा उंडो पाव चहात भिजवून कसाबसा गिळायचे. एका दातवाल्याने दोन धडधाकट दाढा उपटल्या, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. शेवटी पणजीच्या डॉक्टरने सांगितलं, दाताचं नाही, नसेचं आहे. गोळी दिली. दिवसातून तीन.

चौथ्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या हाताने गाल चोळला आणि रडले. मीही रडले. ती गोळी देव्हाऱ्यात ठेवायचीच बाकी होती.

पण गोळी फुकट उपकार करत नव्हती. चालताना झोकांड्या जायच्या, एका समईच्या दोन दिसायच्या, जेवता जेवता डोळा लागायचा. गोकुळदास ह्या वयात प्यायला लागला, अशी गावात कुजबुज झाली. तेही सोसलं. मग एका सकाळी अंगणात उभे राहून म्हणाले, "देवळाची घांट बदलली गे?"

घंटा तीच होती. मग पेटी उतरली म्हणाले. शुक्रवारी पेटी घेऊन म्हापशाला गेले. दुरुस्तीवाल्याने ठणठणीत आहे म्हणून परत पाठवली. तेव्हा कळलं, बिघडले होते ते कान. ह्यांना सगळंच अर्ध्या सुराने खाली ऐकू येत होतं.

आम्ही पणजीला धावलो. हे डॉक्टरला म्हणाले, "गोळी घेतल्यापासून सूर उतरला."

"सूर?" डॉक्टर तापलाच. "सूर एकदम बंद! ह्या गोळीवर थेंबभर चालायचा नाही!"

कोकणीत सूर म्हणजे माडी. कोकणी की मराठी यावरून अख्खा गोवा भांडला, राजभाषा ठरली, राज्य झालं, त्याला वर्ष लोटलं. आणि ज्याने उभ्या जन्मात माडीला तोंड लावलं नाही तो माणूस एका शब्दापायी भर दवाखान्यात बेवडा ठरला. उलगडून सांगितलं तर डॉक्टर हसला. म्हणाला, "गोळीने कान नाही बिघडत, मनाचे खेळ आहेत. पण चुकवाल तर दुखणं परत येईल."

"येवंदे," हे घरी येऊन म्हणाले. सप्ताहाला नऊ दिवस होते. गोळ्या बंद.

मी बुवांना गाठलं. ते देवमाणूस, लगेच घरी आले. "यंदा मी पेटयेवरसून सूर घेतंय, गोकुळदास."

"मगे माका कित्याक बसयतास?" ह्यांनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुखणं आलं, ते पहिल्याच्या दुप्पट. थुंकी गिळली तरी किंचाळायचे. पाचव्या दिवशी मी मागच्या दारी गेले तर हे विहिरीच्या कठड्याला धरून आत बघत उभे. पाणी काढायला आलो म्हणाले. हातात कळशी नव्हती.

त्याच संध्याकाळी मी वाटीच्या बुडाने गोळी चिरडली आणि पेजेत ढवळली. मीठ जरा जास्त घातलं. ह्यांनी पेज संपवली, काही बोलले नाहीत. मग रोज तीन वेळा पेज. दोन दिवसांत दुखणं ओसरलं. "देव पावलो," म्हणाले. मी मान हलवली. घंटा कशी ऐकू येते ते मी विचारलं नाही.

सप्ताहात दुपारी आमच्या वाड्याची पाळी आली. ह्यांनी गुळगुळीत दाढी केली होती. बुवांनी डोळे मिटून ओळ उचलली, आणि ह्यांनी बोट ठेवलं.

मला सुरातलं कळत नाही, पण मलाही कळलं. ताटावर नख ओढल्यासारखं झालं. टाळ थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "घेतलेली आसा." ह्यांनी पेटीचा भाता मिटला. बुवांकडे बघितलं नाही. बायकांत मी बसले होते तिथे बघितलं.

रात्रीच्या जेवणाला मी नुसती पेज वाढली. गोळी घालायला हात धजला नाही. ह्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आज घालूक नाय?"

मी पळी खाली ठेवली.

"पयल्या दिसापासून कडू लागता," ते म्हणाले. "माज्या तोंडान गोळी मागूक जमत नाय होता."

मग त्यांनी तळहात पुढे केला. "आता पेजेत नको गे. हातार दी."