गेल्या चोवीस तासांत औषध दिलं का?

मी फटकळ बाई आहे. मकाय गावातल्या निम्म्या आयांनी माझी बोलणी खाल्ली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी ती फाटकाशी उभं राहून ऐकली आहेत. बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय. पोराचा ताप अडतीसच्या वर गेला की ते घरी, आणि औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप आला नाही तरच परत. हा नियम मी दारावर लावलाय, भिंतीवर लावलाय, बायकांच्या संडासातसुद्धा लावलाय.

मागच्या महिन्यात टीगन आपल्या हार्लोला घेऊन आली. टीगन बेकरीत कामाला, घरात दुसरं कोणी नाही, चेहऱ्यावर कायम झोप. हार्लो चार वर्षांची. पोरीच्या तोंडाला पॅनाडॉलच्या, तापावरच्या गुलाबी औषधाचा वास येत होता. मी सोडते होय?

"औषध पाजून ताप लपवायचा आणि पोर आमच्या गळ्यात मारायचं, ही कुठली रीत गं, टीगन? आत तान्ही बाळं आहेत. लाज नाही वाटत?"

फाटकाशी सात-आठ आया होत्या. टीगन पुटपुटली, "आज कामाला गेले नाही तर मला काढतील, मर्ना."

"तो तुझा प्रश्न," मी म्हटलं. ती पोरीला उचलून निघून गेली. मी आत जाऊन चहा केला. बरा लागला चहा, खोटं कशाला बोलू.

हे आधी सांगितलं, कारण याच्यापुढचं सांगताना मला तोंड लपवावंसं वाटतं.

माझी मुलगी कर्स्टी खाणीवर डंपर चालवते. थोडे दिवस तिकडे, थोडे दिवस घरी. ती तिकडे असली की तिचा दोन वर्षांचा फर्गस माझ्याकडे. टीगनला झापल्यानंतरच्या एका मंगळवारी सकाळी तो उठला तोच गरम. थर्मामीटर लावला तर अडतीस पॉइंट चार. नेमक्या त्याच दिवशी आमच्या दोन बायका रजेवर होत्या. दोन वर्षांच्या पाच पोरांमागे एक बाई लागतेच, तिथे सूट नाही. मी गेले नसते तर पाच घरी फोन करून पोरं परत पाठवावी लागली असती. निदान स्वतःची समजूत मी अशी घातली. खरं म्हणजे मला वाटलं, आपलं पोर आहे, आपल्याला कळतं, दाढा येत असतील. दुसऱ्या आया हेच म्हणतात तेव्हा मी डोळे फिरवते.

मी त्याला औषध पाजलं. तोंड पुसलं, वर पाणी पाजलं, पुन्हा तोंड पुसलं. पाळणाघराच्या दारात टच-स्क्रीनचा टॅबलेट आहे, त्यावर पोराची हजेरी लावताना एक प्रश्न येतो: गेल्या चोवीस तासांत औषध दिलं का? तो प्रश्न मीच हट्टाने घालून घेतलाय. मी 'नाही' दाबलं.

फर्गस दिवसभर किरकिरा. कोणाकडे जाईना. शेवटी लोसाच्या कडेवर चढला तो उतरेचना. लोसा आमच्यातली सगळ्यात तरुण, मूळची सामोआ बेटांवरची, मला आंटी म्हणते. तिच्या खांद्यावर लाळ गाळत, नाक पुसत पोरगं झोपलं आणि ती त्याला थोपटत येरझाऱ्या घालत राहिली. लोसाला तेव्हा चौथा महिना लागला होता. पाळणाघरात हे फक्त मला माहीत होतं. मागच्या वर्षी तिचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, म्हणून या वेळी मला म्हणाली होती, "आंटी, पोट दिसेपर्यंत तोंड बंद हं." तिला फर्गसला घेऊन फिरताना मी बघत होते. तेव्हासुद्धा मी बोलले नाही.

पुढच्या सोमवारी, कर्स्टी घरी असताना, तिचा फोन आला. "आई, याचे गाल बघ ये. कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखे लालभडक झालेत."

डॉक्टर म्हणाले, स्लॅप्ड चीक नावाचा साथीचा आजार. पोरांना त्याचं विशेष काही नसतं. गाल लाल होतात तोवर लागण संपलेलीही असते. ती होते त्याआधी, तापाच्या दिवसांत. पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. हे डॉक्टरांनी मला सांगायची गरज नव्हती. नव्या बायकांना मीच शिकवते.

दारावर सूचना लावणं भाग होतं. लावली. सूचनेत पोराचं नाव घालायचं नाही असा नियम आहे. त्या नियमाआड मी मस्त दडी मारली. पोर कुठल्या खोलीत होतं आणि कुठल्या तारखेला, हे मात्र लिहावं लागतं. मी लिहिलं, 'आपल्याकडच्या एका मुलाला स्लॅप्ड चीक झाला आहे. गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारावे.' खोली गाळली, तारीख गाळली. म्हटलं, लोसा वाचेल, आपली आपण जाऊन रक्त तपासून येईल, आणि मला काही बोलायला लागायचं नाही. केवढी हुशारी!

दुसऱ्या दिवशी सकाळी लोसा स्वयंपाकघरात पोरांसाठी कलिंगड चिरत होती. शेजारी डेब उभी. डेब पंधरा वर्षं आमच्याकडे आहे आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

"हार्लोच असणार," डेब म्हणाली. "काल आली नाही, आजही नाही. त्या टीगनला एवढं झापलं मर्नाने, तरी आणलंन असेल पोरीला तापातच. निर्लज्ज बाई!"

"जाऊ दे गं," लोसा म्हणाली.

मी कपाट उघडून आत डोकं घातलं. तिथे मला काहीही शोधायचं नव्हतं. डेब बाहेर गेली तेव्हा मी म्हटलं, "लोसा, आज डॉक्टरकडे जाऊन ये."

"कशाला? हार्लो मोठ्या पोरांच्या खोलीत. मी महिनाभर तिकडे फिरकलेले नाही."

"तरी जा. नियम आहे."

"आंटी, नियम त्या खोलीतल्यांसाठी आहे, तुम्हीच शिकवलंत." ती हसली. "मागच्या वेळी किती सुया टोचून घेतल्या! काही उपयोग झाला का? या वेळी मी ठरवलंय, उगाच घाबरायचं नाही. छान चाललंय माझं."

आणि ती पुन्हा चिरायला लागली. ही बाई माझ्या खोटेपणावर विसंबून निर्धास्त झाली होती.

"हार्लो नाही," मी म्हटलं. "फर्गस."

"फर्गस? पण तो तर गेल्या मंगळवारी अख्खा दिवस..." सुरी थांबली. "ताप होता त्याला?"

"होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"औषध पाजून आणला होता मी."

"आणि माझंही माहीत होतं," लोसा म्हणाली.

मला वाटलं, ओरडेल, निदान सुरी आपटेल. तिने फक्त हात धुतले, पोरांना शिकवतो तसे, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. मग पर्स घेऊन गेली. अर्धवट चिरलेलं कलिंगड मी पुढे चिरलं. पोरांची खायची वेळ झाली होती.

जुनी सूचना फाडली आणि खोली, तारीख घालून नवी लावली. डेबला सांगितलं. पालकांच्या समितीला लेखी कळवलं, औषधासकट. मग टीगनला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "हार्लोला आजीकडे ठेवलंय, खणखणीत आहे ती. आणि मला बोललीस ती चारचौघांत. माफी मात्र फोनवर मागतेस होय?"

खरं होतं तिचं. बुधवारी सकाळी आठला, अगदी गर्दीच्या वेळी, मी फाटकाशी उभी राहिले आणि सांगितलं की पोर माझं होतं, ताप मला माहीत होता, औषध मी पाजलं. एकीने आपल्या पोराचा हात धरून त्याला माझ्या बाजूने दुसऱ्या बाजूला घेतलं. तेवढं पुरलं मला.

लोसा शुक्रवारी आली. दारातच मी तिचा चेहरा वाचायला बघत होते.

"लहानपणीच होऊन गेलाय म्हणे मला," ती म्हणाली. "रक्तात दिसतं ते. आता परत व्हायचा नाही. बाळाला काही नाही."

मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने रडले, अगदी पोरांसारखी, नाक वाहेपर्यंत. लोसाने टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला. जवळ आली नाही.

"सोमवारी येते कामाला," ती म्हणाली. "मोठ्या पोरांच्या खोलीत द्या मला."

"देते. हवं ते देते, बाई."

ती उभीच होती. "आंटी, एक विचारायचं होतं. बाळ झालं की मी त्याला इथेच घालणार होते, तुमच्याकडे. आईलाही तसंच सांगितलं होतं. आता गावात दुसरं कुठलं चांगलं आहे? जिथे काही झालं तर लगेच खरं सांगतात, असं. तुम्हाला माहीत असेल."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी सोसला असता. तिला खरोखरच पत्ता हवा होता.

मला माहीत होतं. नदीपलीकडे क्लेअरचं पाळणाघर आहे. तिला मी वर्षानुवर्षं ढिली म्हणत आले. मी तिचं नाव सांगितलं आणि फोन नंबरही दिला. लोसाने दोन्ही लिहून घेतलं आणि आकडे बरोबर आहेत ना, म्हणून मला परत वाचून दाखवले.