पास्कल की फॉक्सप्रो

हेमलता पुण्यात एम.एस्सी. करताना पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा शिकली आणि तिच्या प्रेमातच पडली. पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम तिला नीट मांडलेल्या स्वयंपाकघरासारखा वाटायचा. चौऱ्याण्णव साली लग्न होऊन ती फरीदाबादला आली. तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीला रक्तदात्यांची माहिती कॉम्प्युटरवर हवी होती. हेमलताने काम घेतलं आणि अर्थातच पास्कलमध्ये सुरुवात केली. निम्म्याहून अधिक झालं, आणि नवऱ्याची, हेरंबची, नोएडाला बदली झाली.

"तिकडून रोज येणं जमायचं नाही तुला," हेरंब म्हणाला. "तुझ्यामागे हे बघणार कोण?"

तिने माणूस शोधायला घेतला. मुलाखतीला आलेली मुलंमुली हुशार होती, पण पास्कल कुणालाच येत नव्हती. सगळी फॉक्सप्रो ही दुसरीच भाषा शिकलेली. नव्याने निघालेले क्लासेस तेच शिकवत होते आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींतही तेच नाव असायचं. शेवटी ती दिल्लीला, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात ओळखीच्या दुकानदाराकडे गेली.

"पास्कल की फ्लॉपी तो अभी दे दूँ, मॅडम," तो म्हणाला, "पर जाननेवाला कहाँ से दूँ? बाज़ार में सब फॉक्सप्रो है."

घरी येऊन ती धुमसत राहिली. "भाषा चांगली आहे की नाही हे कुणी बघतच नाही, यार. सगळे घेतात म्हणून सगळे घेतात."

"बिल्कुल," हेरंब म्हणाला. "पण रक्तपेढीला भाषा नकोय, माणूस हवाय."

तिने सगळं पुसून फॉक्सप्रोमध्ये पुन्हा लिहिलं, मुलाखतीतल्याच प्रणिता नावाच्या मुलीच्या हाती सोपवलं आणि नोएडाला निघून गेली. आपण हरलो, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

पाच वर्षांनी शेजारच्या विनयाताईंच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. ऐनवेळी कळलं की तिला कुठलंच रक्त जुळत नाही, अगदी ओ गटाचंसुद्धा. तिचा गट अतिशय दुर्मीळ, बॉम्बे ग्रुप म्हणतात तो. विनयाताईंना घेऊन हेमलता नोएडातल्याच एका रक्तपेढीत गेली. तिथल्या माणसाने शांतपणे कॉम्प्युटरचा कीबोर्ड जवळ ओढला.

निळा पडदा उजळला आणि हेमलता खुर्चीतून अर्धवट उठली. आधी फोन, मग पत्ता, मग शेवटचं रक्तदान कधी केलं ते. हा क्रम तिनेच ठरवला होता. पण त्याखाली तिने कधीच न लिहिलेलं बरंच काही होतं. बॉम्बे ग्रुपचा वेगळा रकाना होता. आसपासच्या शहरांतल्या रक्तपेढ्यांचे दाते होते.

"ये किसने बनाया?" तिने विचारलं.

"पता नहीं जी. फरीदाबाद से आया था. बॉम्बे ग्रुप रोहतक में किसी ने जोड़ा, बाकी ब्लड बैंक गाज़ियाबादवालों ने. जिसे जो चाहिए था, जोड़ता गया. फॉक्सप्रो तो सबको आता है ना."

त्या पडद्याकडे बघताना हेमलताच्या अंगावर काटा आला. ज्यांची नावं तिला कधीच कळणार नव्हती, अशी माणसं तिच्या ओळींच्या खाली आपापल्या ओळी लिहीत गेली होती, कुणी कुणाला न विचारता. ज्या बाजारावर ती इतकी चिडली होती, त्यानेच त्या सगळ्यांच्या हाती एक भाषा दिली होती. पास्कलमध्ये तिचा प्रोग्रॅम देखणा झाला असता आणि फरीदाबादच्या त्या एका रक्तपेढीतच राहिला असता. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून सुरू झालं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, या विचाराने ती थक्क झाली.

पडद्यावर एक नाव आलं. त्या माणसाने फोन फिरवला.

दुपारी गाझियाबादहून अलकनंदा नावाच्या एक शिक्षिका आल्या. शाळेतून तशाच निघाल्या होत्या, बोटांना खडू लागलेला. पेशंट कशी आहे एवढंच त्यांनी विचारलं आणि बाही वर सारत आत जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. विनयाताईंनी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला.