पहिल्या फेरीची जागा

बोटीचं वायरिंग ज्यानं बांधलं त्यानंच तिच्या पहिल्या फेरीत बसायचं, असा त्या कारखान्याचा रिवाज होता. ती तिथं वायरिंगच्या कामाला होती, आणि तिचा धाकटा भाऊही; तो असाच एका बोटीत बसला होता. पंपाचा जोड कच्चा राहिलाय, असं तो सांगत होता, मुकादम म्हणाला, "चालेल रे." नवी लाकडी बोट, फळ्या फुगेपर्यंत पाणी पितेच, सारी मदार पंपावर, आणि पंप ऐन वेळी बंद पडून भाऊ बोटीसकट बुडाला तेव्हा मुकादम धक्क्यावर चहा पीत उभा होता. चौकशीत मात्र त्यानं सांगितलं, पोरगं निष्काळजी होतं. हा एक शब्द उराशी धरून ती नऊ वर्षं त्याच्या हाताखाली मुकाट राबली.

आता मुकादम निवृत्त होत होता आणि त्यानं स्वतःसाठी बोट बांधायला काढली होती.

"वायरिंग तुझ्याच हातचं हवं हं, बाई."

"माझ्याच हातचं देते की," ती म्हणाली.

बोटीत बसवण्याआधी कारखान्यातल्या खिळ्यांच्या फळीवर तिनं तारा अंथरल्या, रंगांप्रमाणे वळवल्या, मेणदोऱ्यानं बोटाबोटाच्या अंतरावर बांधल्या. फक्त पंपाच्या तारेपाशी तांब्याचे दोनच धागे टर्मिनलात धरले आणि बाकीचं आवरणावरच दाबून टाकलं. तपासणीचा दिवा लागेल, पण लाटांचे दणके बसले की सुटेल. मुकादमाला पोहता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही येत नव्हतं, आणि पहिल्या फेरीत तिलाही बसावं लागणार होतं. ते तिनं केव्हाच पचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तो जोड पक्का. तार नीट सोललेली, सारं तांबं आत, आणि वर मेणदोऱ्याच्या तीन गाठी, डावीकडून घातलेल्या. कारखान्यात डावखुरा असा एकच झाला होता.

तिनं जोड तोडला, पुन्हा कच्चा केला. सकाळी पुन्हा पक्का. तिसऱ्यांदा मात्र तिचं डोकं फिरलं.

"मेलास तरी अक्कल आली नाही तुला," ती फळीकडे बघून पुटपुटली. "हे कुणासाठी चाललंय रे, मूर्खा?"

चौथ्या सकाळी तिनं हात टेकले. ते पक्कं वायरिंग तिनं मुकाट्यानं बोटीत बसवलं.

फेरीच्या दिवशी ती शेवटची नजर टाकायला एकटीच बोटीच्या पोटात उतरली. पंप लावून पाहिला, उत्तम चालला. वर आली तेव्हा कारखान्यात शेजारच्या फळीवर काम करणारी मैत्रीण म्हणाली, "किती वेळ गं खाली? मला वाटलं झोपलीस की काय." तिला तर दोन मिनिटंच वाटली होती.

मुकादमानं इंजिन सुरू केलं. तिनं पाय उचलला, पण धक्क्याच्या कठड्यावरचा डावा हात सुटेना. ओढून पाहिला, उजव्या हातानं बोटं उलगडून पाहिली. लोखंडाला चिकटल्यासारखी घट्ट.

"काय बाई, स्वतःच्याच कामाचा भरवसा नाही होय?" मुकादम हसला. "राहू दे, मी एकटा जातो. चालेल."

बोट लांब जाऊन, बोटाएवढी होऊन दिसेनाशी होईपर्यंत हात तसाच होता. मग आपसूक सैल पडला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला. अंगठ्याच्या नखात तांब्याचा एक धागा अडकला होता, नुकताच तोडल्यासारखा, लखलखीत.